चिंबोऱ्यांनी न फिटलेलं देणं

माझे सासरे वारले तेव्हा त्यांच्यामागे कोणाचं एक पैचं देणं नव्हतं, असं आम्ही सगळेच समजून होतो. बाराव्याला तसं चारचौघांत ठरलंही होतं. आमच्या गावात तेव्हा एक रीत होती. बाराव्याची पंगत बसायच्या आधी गावातला एखादा म्हातारा उभा राहायचा आणि मोठ्यानं विचारायचा, "मेलेल्यानं कोनाचं काय घेतलेलं असंल त आताच सांगा." कोणी बोललं तर मुलांनी पुढं होऊन ते आपल्या डोक्यावर घ्यायचं. कोणी बोललं नाही तर सगळं मिटलं, पानं वाढायची. आमच्या सासऱ्यांच्या बाराव्याला कोणी बोललं नाही. एक जण खोकला, पण तो तंबाखूचा खोकला होता.

आमचं गाव खाडीच्या काठाला. पनवेलच्या बाजारात जायचं तर बांधाबांधानं चालत जायचं. सासऱ्यांचा जन्म मिठागरात गेला. माणूस तापट. मी सून म्हणून त्या घरात आले तेव्हापासून त्यांनी माझ्याशी धड चार वाक्यं बोलली असतील, त्यातली दोन मिठाबद्दल आणि एक आमटीतल्या मिठाबद्दल. ते गेले तेव्हा मी रडले, पण रीत म्हणून रडले. खोटं कशाला लिहू?

शेवटची दीड वर्षं त्यांच्या पोटात पाणी व्हायचं. पाय सुजून खांबासारखे झाले होते. पनवेलचे एक डॉक्टर सायकलवर बांधावरून यायचे, सुई द्यायचे, पोटातलं पाणी काढायचे. औषध मात्र दवाखान्यातून आणावं लागे. बाटली आपली आपण न्यायची. कंपाउंडर तिच्यात लाल औषध भरून बाजूला खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवून द्यायचा. एक खाच म्हणजे एका वेळचं औषध. घरात मी एकटी चौथी पास, म्हणून औषध पाजणं माझ्याकडे. सासरे तोंड वाकडं करून प्यायचे आणि म्हणायचे, "खाडीचं पानी यापरास गोड."

हे डॉक्टर बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी, होते. आमच्या गावातली जुनी माणसं त्या लोकांना शनवार तेली म्हणायची, कारण त्यांच्या वाडवडलांचा तेलाचा घाणा शनिवारी बंद असायचा. दवाखानाही शनिवारी बंद. आम्हाला त्यांच्याबद्दल एवढंच ठाऊक, की ते शनिवार पाळतात, आपल्यासारखंच मराठी बोलतात आणि मासळी खातात. मासळी खातात हे कळल्यावर सासऱ्यांना आणखी काही जाणून घ्यायची गरज वाटली नाही.

"डाक्टराचं काय ठेवायचं नाय," असं ते म्हणायचे. "फुकटची सुई अंगाला लागत नाय." रोख पैसा घरात क्वचितच असे, म्हणून ते मासळी पोचवायचे. स्वतः चालू शकत होते तोवर स्वतः नेली, नंतर माझ्या नवऱ्याबरोबर पाठवली. आणि हलकीसलकी नाही. खाजणातल्या भरलेल्या चिंबोऱ्या, म्हणजे मोठे खेकडे, अमावस्येच्या, आत लाख म्हणजे अंडी असलेल्या. बोटाएवढी कोळंबी. शिंपल्यातल्या शिवल्या, सापासारखी वाम, कधी शार्कच्या जातीची मोरी. आम्ही घरात सुकटीवर भाकरी खायचो आणि चिंबोऱ्या पनवेलला जायच्या. जाऊबाई एकदा म्हणाल्या, "आजारी मामा आनि बालसं धरतंय डाक्टर." सासऱ्यांनी ऐकलं आणि पाण्याचा तांब्या फेकून मारला. लागला नाही, कारण हातात जोर नव्हता.

तर असं सगळं असताना सासरे गेले आणि बाराव्याला कोणी काही मागितलं नाही, यात आम्हाला नवल वाटलं नाही.

पुढच्या वर्षी शिमगा झाल्यावर नवऱ्यानं बाजारातून बातमी आणली, की डॉक्टर दवाखाना बंद करून बायकोमुलांसकट इस्राएल देशाला चालले. त्यांच्यातली बरीच घरं तेव्हा जात होती. सासूबाई म्हणाल्या, "त्या मानसानं आमच्या मानसाला दीड वरीस जगवला. रिकाम्या हातानं निरोप देनं बरं नाय." लगेच चिंबोऱ्या मागवल्या. मी आणि सासूबाई टोपली घेऊन डॉक्टरांच्या घरी गेलो. घर दवाखान्याच्या मागेच होतं. मी तोवर दवाखान्याच्या खिडकीपलीकडं कधी गेले नव्हते.

डॉक्टरांची बायको गोरीशी, ठेंगणी, नऊवारी नेसणारी. घरात ट्रंका उघड्या, भांडी कागदात गुंडाळलेली. "या मावशी, बसा," म्हणाली. सासूबाईंनी टोपली तिच्या पुढ्यात ठेवली आणि वरचं फडकं काढलं. घाईत बांधलेल्या चिंबोऱ्यांतल्या एकीचा दोरा सुटला होता. ती टोपलीवरून उडी मारून सरळ बाईच्या पदराखाली. बाई किंचाळून ट्रंकेवर चढली.

"अगं धरा! धरा तिला! मागच्या वेळी पण एक सुटली होती, दोन दिवस पलंगाखाली होती!"

मी चिंबोरी धरली. सासूबाई हसत होत्या. तेवढ्यात कंपाउंडर आतून आला. त्यानं काही विचारलं नाही. खुंटीवरची आपली पिशवी काढली, टोपली तिच्यात उपडी केली आणि निघाला. माणूस रोजचं काम करतो तसा.

सासूबाईंचं हसू थांबलं. "त्यो कुठं नेतो?"

बाई ट्रंकेवरून उतरली. पदर सारखा केला. तिला फार ओशाळल्यासारखं झालं असावं. "मावशी, रागावू नका. आम्ही चिंबोरी खात नाही. आमच्या धर्मात खवलं असलेलीच मासळी चालते."

"कोलंबी?"

"नाही हो."

"शिवल्या?"

"नाही."

"वाम? मोरी?"

"त्यांना खवलं नसतं ना. नाही चालत."

सासूबाई खाली बसल्या. त्यांच्या डोळ्यांपुढून दीड वर्षाच्या टोपल्या गेल्या असतील. मग दाराशी थांबलेल्या कंपाउंडरकडे वळल्या. "म्हंजी तू खाल्लंस?"

"मी काय करू आजी? बाई म्हणायच्या, घेऊन जा. टाकून द्यायचं का?"

"आमच्या म्हाताऱ्यानं तुना पोसला दीड वरीस! तरीच म्हनलं यो एवढा गुबगुबीत कसा."

"पण मी त्यांच्या बाटल्या भरल्याच की, आजी."

हे ऐकून डॉक्टर दवाखान्यातून आत आले. सासूबाईंनी त्यांना सरळ विचारलं, "डाक्टर, मंग औषधाचे पैसे कोनी दिले?"

डॉक्टरांनी हातातली बाटली खाली ठेवली. मग म्हणाले, "आजी, ते जाऊ द्या. मी ते कधीच सोडून दिलं."

"सोडलं म्हंजी होतं."

"होतं. पण मला कळलंच नाही, की मासळी फीच्या बदली येते. मला वाटलं, म्हातारबुवा प्रेमानं देतात, पैसे सावकाश देतील."

"प्रेमानं?" सासूबाई म्हणाल्या. "आमच्या मानसानं उभ्या जल्मात प्रेमानं कोनाला चिंबोरी दिली नाय."

डॉक्टरांना हसू आवरेना. त्यांची बायको तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात गेली. पण सासूबाई हसल्या नाहीत. येताना बांधावर त्या माझ्यापुढं झपझप चालत होत्या.

घरी आल्यावर त्यांनी दोन्ही मुलांना ओटीवर बसवलं. माझे मोठे दीर मिठागरावर मुकादम होते. घर एक, पण चुली दोन. सासूबाई आमच्या चुलीवर जेवत. झाला प्रकार ऐकून दीर म्हणाले, "दिलं ते दिलं. मी तुला धोतर दिलं आनि तू नेसला नाय, म्हनून मी धोतर दिलं नाय व्हय?"

माझा नवरा कधी नव्हे तो बोलला. "पन दादा, तू मना लुगडं दिलंस आनि बोल्लास धोतर दिलं, त मी काय करू?"

"आनि बाराव्याला इचारलं तवा कोन बोललं? कोन नाय बोललं. मंग देनं नाय. गावाची रीत हाय."

"त्याला बोलावला होतास बाराव्याला?" सासूबाईंनी विचारलं. "ज्याचं देनं त्यालाच बोलावला नाय, आनि इचारलं कोनाला? तंबाखू खानाऱ्याला?"

सासूबाईंचं म्हणणं एवढंच होतं, की देणं ठेवून मेलेला माणूस पुढच्या जन्मी घेणेकऱ्याच्या दारी बैल होतो. बापाचं देणं बापानंच फेडायचं राहिलं तर तो बैल होणार, मुलांनी फेडलं तर सुटणार. आणि इथं तर डॉक्टर चालले समुद्रापार. "तिकडं बैल होऊन राबंल तुमचा बाप. त्यांची भाषा कलंल का त्याला? चल बोलले का थांब बोलले, काय कलनार?"

"बैलाला भाषा काय लागते, आये?"

"तुझ्या बापाला लागंल. मराठीत सांगितलेलं कवा ऐकलं नाय त्यानं, तिकडचं काय ऐकंल? मार खाऊन मरंल."

मला हसू आलं, पण मी आत होते. माझं स्वतःचं मत विचाराल तर मला दिरांचंच पटत होतं. म्हाताऱ्यानं चांगल्यातली चांगली मासळी दिली, ती कोणाच्या पोटात गेली हे त्यानं कुठवर बघायचं? पण मला कोणी विचारलं नाही.

नवरा दुसऱ्या दिवशी थोडे पैसे गोळा करून डॉक्टरांकडे गेला. डॉक्टरांनी हात लावला नाही. म्हणाले, "मेलेल्या पेशंटच्या घरून मी पैसे घेत नाही. जगला असता तर दामदुप्पट घेतले असते." नवऱ्यानं सगळं तसंच परत आणलं. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि त्या रात्री ताटातली मासळी बाजूला सारली. "डाक्टर आपल्या मासलीनं पोटभर जेवल्याबिगर माझ्या तोंडात मासली जानार नाय."

हे ज्याला साधं वाटेल त्याला आमची माणसं ठाऊक नाहीत. या बाई सोमवारी संध्याकाळीसुद्धा कुरकुरत असायच्या, मंगळवार कधी उजाडतो म्हणून. तोंडाला चव नाही म्हणून त्या भात टाकायच्या. मला त्यांच्यासाठी वेगळी डाळ करावी लागे, कधी वालाचं बिरडं, कधी नुसती चिंच-गुळाची आमटी. आठवड्यात बाई उतरल्या. माझ्या कामात भर पडली आणि वर प्रत्येक घासाला ऐकायचं, "यात काय नाय." काय असणार? मासळी नव्हती.

तेव्हा मीच म्हटलं, "आये, पैसे घेत नाय तो, पन मासली त्यानं कवा परत केली नाय. खवल्याची देऊ."

डॉक्टरांना जायला अजून काही शुक्रवार होते. शुक्रवारी संध्याकाळी त्यांच्यात मोठं जेवण असतं, दिवे लावून. मासळी लागते. सासूबाईंनी ठरवलं, दर शुक्रवारी खाडीतली बोयटं पाठवायची. बोयटाला चांगलं ठसठशीत खवलं असतं. नवरा पाग, म्हणजे फेकायचं जाळं, घेऊन गेला आणि चांगली वीतभर बोयटं घेऊन आला. मी ती राखेत धरून नीट घासली, खवलं काढलं, पोट साफ केलं, डोकी उडवली, हळद-मीठ लावलं आणि केळीच्या पानात बांधून डॉक्टरांच्या बायकोला दिली. जाणाऱ्या माणसाच्या घरी कामाची धांदल असते, तेवढाच हातभार.

बाईनं पान उघडलं आणि माझ्याकडे बघत राहिली.

"बोयटं हायत," मी म्हटलं.

"असतील गं. पण खवलं कुठंय?"

"काढलं की. पाटीभर निघालं."

"ते मला दिसायला पाहिजे होतं ना. खवलं दिसल्याशिवाय कसं घेऊ? आणि सुरी कोणती लावलीस? तिनंच कोळंबी सोलली असशील."

सोललीच होती. बाई बिचारी इतकी ओशाळली, की तिला रडू येईल असं मला वाटलं. कंपाउंडर दारातच उभा होता. त्यानं पिशवी आधीच काढून धरली होती.

घरी येऊन सांगितलं, तर सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "त्या कंपौंडरचंच काय देनं लागतोय का आपन मागल्या जल्माचं?"

पुढच्या शुक्रवारी बोयटं जशीच्या तशी गेली, खवल्यासकट, शेपट्या हलत होत्या. बाईनं स्वतःच्या सुरीनं खवलं काढलं आणि मला तिथंच बसवून घेतलं. हिरवी मिरची, कोथिंबीर, खोबरं वाटून ती मासळीचं आंबटसर कालवण करायची. मी ते बघून शिकले, पुढं कितीतरी वर्षं माझ्या घरी तेच होत होतं. तिनं मला विचारलं, "तुझ्या सासूबाई एवढं का मनाला लावून घेतात?" मी म्हटलं, "त्यांना नवऱ्याचं काय नाय, बैलाचं हाय." मग तिला बैलाची गोष्ट सांगितली. हसता हसता तिच्या हातातली सुरी पडली. मग ती उचलली आणि म्हणाली, "आमच्यात पण मेलेल्याचं देणं आधी फेडतात. मग वाटण्या." मला बरं वाटलं. सासूबाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "मंग शहानी मानसं हायत. तरी चिंबोरी खात नाय."

दोन शुक्रवार असे गेले. मला वाटलं, आता झालं. पण सासूबाईंनी मासळीला हात लावला नाही. "बोयटं म्हंजी याज," त्या म्हणाल्या. "मुद्दल कुठंय?"

मुद्दल घरामागच्या तळ्यात होतं. आमच्याकडे पावसाळ्यात खाडीतली जिताड्याची पिल्लं आणून तळ्यात सोडायचे. चांगली दोन-तीन वर्षं वाढली की एकेक मासा हातभर व्हायचा. जिताडा म्हणजे आमच्याकडची शान. जावयाला, साहेबाला, सोयऱ्याला वाढायची मासळी. त्याला खवलं असतं, रुपयाएवढं. सासऱ्यांनी डॉक्टरांना तो कधी दिला नव्हता, कारण जिताडा चिंबोरीइतका ताकदीचा नाही असं त्यांचं मत होतं. तळं दोन्ही भावांचं सामाईक. त्यात एक जुना, मोठा जिताडा उरला होता आणि एक मध्यम. मोठा दिरांनी राखून ठेवला होता. वैशाखात त्यांच्या मुलीचा साखरपुडा ठरला होता, सोयरे उरणकडचे, खाण्यात चोखंदळ.

सासूबाई म्हणाल्या, "मोठा डाक्टरला."

दीर उठून उभे राहिले. "आनि सोयऱ्यांना काय वाढू? वालाचं बिरडं?"

"बारका हाय ना."

"बारक्यानं काय होनार? माझ्या पोरीची इज्जत हाय. बापाच्या औषधापायी पोरीच्या साखरपुड्याला बारका जिताडा?"

जाऊबाई आतून म्हणाल्या, "कंपौंडर तिकडं बसलाच असंल पिशवी घेऊन."

दोन दिवस घरात कोणी कोणाशी बोलत नव्हतं. माझा नवरा भावाच्या शब्दाबाहेर जाणारा नव्हता, त्यामुळं त्याच्याकडून काही व्हायचं नव्हतं. मग तिसऱ्या दिवशी सासूबाई दिरांच्या चुलीपाशी गेल्या आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "ठेव तू मोठा सोयऱ्यांना. मी काय भांडत नाय. मी साखरपुड्याला पंगतीत बसेन. डाल-भात खाईन. सोयरे इचारतील, आजी मासली का नाय खात, त मी सांगेन का नाय खात."

दिरांच्या हातातली भाकरी तशीच राहिली. "आये, असं बोलशील तू सोयऱ्यांत?"

"खोटं बोलू का मंग? या वयात?"

त्या संध्याकाळी दोघा भावांनी तळ्यात जाळं ओढलं. मोठा जिताडा जाळ्यात आला तो चिखल उडवत, माझ्या नवऱ्याला खाली पाडून. दीर कंबरभर पाण्यात उभे राहून त्याला कवटाळून धरत होते आणि शिव्या देत होते. माशाला, डॉक्टरला, कंपाउंडरला आणि मग बापालाही. बापाला शिवी दिल्यावर सासूबाईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "दे, दे. फेडतोस तू, तुना हक हाय."

मग दीरही हसले. मला वाटतं, तिथं त्यांचा राग गेला. नंतर साखरपुड्याला सोयऱ्यांना मध्यम जिताडाच वाढला. त्याचे तुकडे जाऊबाईंनी इतके पातळ कापले, की तव्यावरून उलटताना सांभाळावे लागत होते. सोयऱ्यांनी चाटूनपुसून खाल्लं. मोठा कुठं गेला हे दिरांनी स्वतःच सगळ्यांना सांगितलं, ते सुद्धा असं, की जणू त्यांच्याच मनात आधी आलं होतं.

प्रवासाला निघायच्या आधी डॉक्टरांच्या घरी मलिदा होता. पोहे, गूळ, खोबरं, फळं घालून करतात आणि त्यांच्या एका संताच्या नावानं प्रार्थना म्हणून सगळ्यांना वाटतात. त्या दिवशी आम्हाला जेवायला बोलावलं होतं. दोघं भाऊ जिताडा काठीला टांगून घेऊन गेले, मागून मी आणि सासूबाई. बाजारातली माणसं थांबून बघत होती. एकानं भाव विचारला. दीर म्हणाले, "इकायचा नाय. फेडायचा हाय." त्या माणसाला काही समजलं नसणार.

डॉक्टरांच्या बायकोनं मासा बघितला, एक खवलं नखानं ओढून काढलं, हातावर ठेवून बघितलं आणि मान हलवली. सासूबाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला. मासा त्यांच्या भांड्यात, त्यांच्या सुरीनं चिरला गेला. मी बाहेर बसून खोबरं खवलं, तेही बाईनं दिलेल्या विळीवर.

पानं मांडली तेव्हा सासूबाई जेवायला बसेनात. डॉक्टरांच्या समोर, भिंतीला टेकून बसल्या. डॉक्टरांनी हात जोडले. "आजी, तुम्ही पण बसा."

"तुमी जेवा. मी बघतंय."

माणसाकडे कोणी असं टक लावून बघत असेल तर त्याला घास गिळणं किती कठीण. पण डॉक्टर शहाणे होते. त्यांनी आधी डोक्याचा तुकडा घेतला, कारण आमच्यात तो मानाचा असतो हे त्यांना कोणीतरी सांगितलं असावं. मग दोन तुकडे. मग कालवण ओतून भात. सासूबाई वाटीकडे बोट दाखवायच्या आणि बाई आणखी वाढायची. कंपाउंडर पलीकडच्या पानावर होता, त्याच्याकडे सासूबाईंनी एकदाही बघितलं नाही. त्यानं तीनदा भात घेतला.

"पोट भरलं?" सासूबाईंनी विचारलं.

"गच्च भरलं."

"आमच्या मानसाकडं तुमचं काय ऱ्हायलं?"

डॉक्टरांनी हात धुतले, पुसले आणि उभे राहून चारचौघांत मोठ्यानं म्हणाले, "म्हातारबुवांकडे माझं काही राहिलं नाही. सगळं पोचलं." बाराव्याला विचारतात तसं कोणी त्यांना विचारलं नव्हतं, पण सासूबाईंना हेच हवं होतं. त्यांनी मुलांकडे बघितलं, ऐकलंत ना, अशा अर्थानं. मग डॉक्टरांच्या बायकोच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. "नीट जा. तिकडं मासली बघून घ्या." एवढंच बोलल्या. डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आमच्या कोणाच्या आलं नाही.

बाईनं जाताना मला एक पितळी डबा दिला. तो माझ्याकडे अजून आहे, त्यात हळद असते. ती माणसं पुढं तिकडं कशी राहिली मला ठाऊक नाही. चांगलीच राहिली असतील, माणसं चांगली होती.

आम्ही घरी आलो तेव्हा दिवेलागण झाली होती. सासूबाई डॉक्टरांकडे नुसता मलिदा खाऊन आल्या होत्या. पाय धुवून चुलीपुढं पाटावर बसल्या आणि म्हणाल्या, "काय हाय?"

घरात काय असणार? चांगली मासळी सगळी पनवेलला गेली होती. मी मडक्यातले चार सुके बोंबील काढले, विस्तवावर भाजले, कांदा आणि कैरी घालून कालवण केलं आणि तांदळाच्या भाकरीबरोबर वाढलं. सासूबाईंनी पहिला घास घेतला, डोळे मिटून चावला. मी आणि नवरा बघत होतो. जाऊबाईसुद्धा दारात येऊन उभ्या राहिल्या.

सासूबाईंनी डोळे उघडले. "तिखट कमी परलं," म्हणाल्या, "आनि पानी जास्ती घातलंस."

मी आणखी दोन बोंबील भाजायला घेतले.